आरोग्य केंद्राची सभा आणि ऐन वेळचे विषय

प्राथमिक आरोग्य केंद्राचा खर्च व कामकाज पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीचा अजेंडा ज्यांनी कधी हातात घेतला असेल, त्यांना त्याचा क्रम पाठ असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, झालेल्या खर्चास मंजुरी देणे, राष्ट्रीय कार्यक्रमांचा आढावा घेणे आणि सर्वांत शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’. पहिले तीन विषय कार्यालयाचे असतात, आणि लोकांच्या मनात जे काही असेल ते या चौथ्यात बसवायचे असते. तोवर चहा येऊन गेलेला असतो, अध्यक्षांना पुढच्या गावी लग्नाला जायचे असते आणि नोंदवहीवर सह्या सुरू झालेल्या असतात. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील एका केंद्राच्या समितीवर मी काही वर्षे अशासकीय सदस्य होतो, त्या काळातील निरीक्षणे येथे मांडतो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, वेळेवर येतो आणि विनातक्रार सही करतो, एवढीच माझी पात्रता असावी.

आमच्या केंद्राखालची गावे एका जातीची वा एका बोलीची नाहीत. खाली नदीकाठच्या गावांत अहिराणी चालते, वर डोंगराकडे गेले की कोकणा, मावची आणि भिल्ल वस्त्यांचे पाडे लागतात. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तसेच अनुक्रमे ५,००० आणि ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासनाचा निकष आहे. कागदावर तो ठीक दिसतो. परंतु पाड्यावरच्या माणसाचे अंतर लोकसंख्येत मोजता येत नाही, ते काळी-पिवळी जीप किती वाजता सुटते यावर ठरते. केंद्राचे प्रशासन आणि लोक यांच्यातील निम्मे गैरसमज मला या जीपच्या वेळेत सापडले.

लोकांची सर्वांत जुनी तक्रार अशी की, ‘आम्ही जातो तेव्हा डॉक्टर नसतात.’ वैद्यकीय अधिकाऱ्यांचे तितकेच जुने उत्तर असे की, सकाळच्या ओपीडीत मी रोज हजर असतो, हजेरीपट पाहा. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. वरच्या पाड्यांवरून निघणारी जीप माणसे भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे ती केंद्रापाशी पोहोचते तेव्हा सकाळची ओपीडी आटोपत आलेली असते, आणि दुपारनंतरची ओपीडी सुरू होईपर्यंत थांबावे तर परतीची जीप निघून जाते. ही गोष्ट समितीत कोणीतरी सरळ शब्दांत मांडेपर्यंत एका बाजूला ‘डॉक्टर कामचुकार’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लोक अडाणी, वेळ पाळत नाहीत’ अशी दोन मते घट्ट बसलेली होती. आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळची ओपीडी दुपारपर्यंत लांबवायची आणि त्या दिवशी मधली सुट्टी उशिरा घ्यायची, एवढ्यावर तोडगा निघाला. त्यासाठी ना निधी लागला, ना वरची परवानगी.

या अनुभवातून माझे एक मत बनले आणि पुढे ते पक्के होत गेले. आरोग्य खात्यात ‘लोकांशी संवाद’ म्हटले की बहुधा जनजागृती अभिप्रेत असते: प्रभातफेरी, फलक, शाळकरी मुलांच्या घोषणा आणि छायाचित्रे. (प्रभातफेऱ्यांत मी स्वतः शेकडो मुले उन्हात चालवली आहेत, त्यामुळे हे तुच्छतेने म्हणत नाही.) दुसऱ्या टोकाला काही कार्यकर्ते संवाद म्हणजे अधिकाऱ्याला लोकांपुढे उभे करून खडसावणे असे समजतात. पहिल्या प्रकारात लोकांनी ऐकायचे असते, दुसऱ्यात अधिकाऱ्याने, आणि दोन्हींत प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे हे कोणी विचारत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे संवाद तेव्हा सुरू होतो जेव्हा अधिकारी लोकांसमोर स्पष्ट सांगतो की हे माझ्या हातात आहे, हे नाही, आणि जे नाही त्याचे मी अमुक तारखेला अमुक ठिकाणी पत्र दिले आहे.

हे म्हणणे सोपे आणि करणे अवघड आहे, कारण खात्याची रचनाच सामान्य माणसाला उमगणारी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असते आणि त्याच्यावर तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. मात्र त्याच रस्त्यावर पुढे असलेले ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येते. वैद्यकीय अधिकारी राज्य शासन नेमते, आरोग्य सेविका व आरोग्य सेवक जिल्हा परिषदेकडून भरले जातात, आणि कंत्राटी कर्मचारी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात. इमारत गळत असेल तर बांधकाम विभाग. औषधांची राज्यस्तरीय खरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापन झाले. १०२ ची रुग्णवाहिका केंद्राशी जोडलेली असते, तर १०८ ची सेवा राज्य पातळीवरच्या कंत्राटातून चालते आणि तिचा कॉल मध्यवर्ती कक्षात जातो. गावच्या माणसाला हे सारे एकच ‘सरकारी दवाखाना’ दिसते, आणि १०८ ला उशीर झाला की शिव्या समोर बसलेल्या डॉक्टरला बसतात. तो बिचारा एकतर गप्प बसतो किंवा ‘माझा संबंध नाही’ म्हणतो. नियमाने दुसरे उत्तर बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते हात झटकल्यासारखे लागते.

आमच्याकडे एक तरुण वैद्यकीय अधिकारी आले, त्यांनी या कोंडीतून साधी वाट काढली. इतिवृत्ताच्या नोंदवहीशिवाय त्यांनी एक वेगळी वही घातली आणि तिच्या पानांवर उभ्या रेघा मारून प्रत्येक तक्रारीपुढे केंद्र, तालुका, जिल्हा, शासन असे रकाने केले. तक्रार आली की ती कोणत्या रकान्यात टाकायची याची चर्चा सर्वांसमोर व्हायची, आणि पुढच्या सभेत पहिला विषय म्हणून ती वही उघडायची. ‘ऐन वेळचे विषय’ शेवटच्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आले. सुरुवातीला या रकान्यांवरूनच वाद होत. रात्री प्रसूतीसाठी आलेल्या बाईला अंधारात थांबावे लागले, कारण इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती. ही तक्रार डॉक्टरांनी ‘जिल्हा’ रकान्यात लिहायला घेतली, तेव्हा एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी नवी बॅटरी समितीच्या पैशातून घेता येत नाही का, असे विचारले. घेता येत होती, आणि ती घेतली गेली.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हाच्या मूळ रचनेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला वर्षाला १ लाख रुपये, देखभालीसाठी ५०,००० आणि अबंधित निधी (ठरावीक बाबीशी न बांधलेला पैसा) म्हणून २५,००० रुपये ठरलेले होते. उपकेंद्राला आणि गावच्या आरोग्य समितीला प्रत्येकी १०,००० रुपये अबंधित निधी होता. पुढे आकडे आणि नियम बदलत गेले, पण मूळ कल्पना तीच राहिली की, स्थानिक गरज स्थानिक माणसांनी ठरवावी. प्रत्यक्षात ‘खर्चास मंजुरी देण्यात आली’ या एका ओळीत सारा हिशोब गुंडाळला जात असे. तोच हिशोब एकदा फळ्यावर खडूने बाबवार लिहिला गेला, तेव्हा सभा नेहमीपेक्षा लांबली. पडदे, छपाई, मोटार दुरुस्ती, खुर्च्या. बायकांनी विचारले की, खुर्च्या ठीक आहेत, पण तपासणीला येणाऱ्या गरोदर बाईला लघवीचा नमुना द्यायला कडी लागणारे शौचालय कोठे आहे? कर्मचाऱ्यांचे शौचालय होते, त्याला कुलूप असे. कोणी मुद्दाम लावलेले नव्हते. पाणी कमी, साफसफाईला एकच माणूस, म्हणून लागलेले कुलूप होते. त्या वर्षीच्या खर्चाचा क्रम या एका प्रश्नाने बदलला.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. रुग्णाच्या दृष्टीने निर्णय चांगलाच आहे. मात्र केस पेपरच्या रूपाने समितीकडे जो थोडाफार स्वतःचा पैसा जमायचा, तो आटला, आणि आता वरून येणाऱ्या अनुदानाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी उपलब्ध पैसा किती आणि कधी आला हे लोकांना सांगणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. नाहीतर ‘सरकार सगळे फुकट देते, मग अडते कोठे?’ या प्रश्नाला संशयाखेरीज उत्तर उरत नाही.

परंतु सर्वांत मोठी दरी पैशाची नव्हती, उपचाराच्या रीतीची होती. आमच्या भागात पावसाळा म्हटला की सर्पदंश आला. एका सभेत वरच्या पाड्याचा एक शेतमजूर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “मना पोऱ्याले साप चावना, आन् डॉक्टर निस्ता नयीकडे देखत बसना.” (नयी म्हणजे नळी.) मुलगा वाचला होता, तरीही त्याचा संताप खरा होता. डॉक्टरांनी त्या वेळी दिलेले उत्तर इंग्रजी शब्दांनी भरलेले होते आणि ते कोणालाही कळले नाही. पुढच्या सभेला मात्र ते काचेची एक स्वच्छ, कोरडी परीक्षानळी घेऊन आले. साप चावलेल्या माणसाच्या शिरेतले थोडे रक्त या नळीत घेऊन ती २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग हलकेच तिरकी करायची. रक्त गोठलेले असेल तर एक अर्थ, पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली असा दुसरा अर्थ. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते, तेथे नळीपेक्षा रोग्याच्या पापण्या, गिळणे आणि श्वास पाहावा लागतो. प्रत्येक दंशात विष उतरतेच असे नाही, आणि प्रतिविषाची स्वतःची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून लक्षण दिसल्याशिवाय ते टोचत नाहीत. टोचायचे ठरले तर एका कुपीने भागत नाही, सुरुवातच साधारण ८ ते १० कुप्यांनी होते.

सभेतली माणसे ती नळी हातोहात फिरवून पाहत होती. त्या शेतमजुराने ती उजेडाकडे धरली, तिरकी केली आणि विचारले की, त्या २० मिनिटांत रोग्याच्या माणसाने काय करायचे? डॉक्टरांनी यापूर्वी हा विचार केलेला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. ज्या वेळेत डॉक्टर सर्वांत सावध असतो, तीच वेळ बापाला निष्काळजीपणाची वाटत होती, कारण त्या वेळेचा हिशोब कोणी त्याला दिलेला नव्हता. तेव्हापासून ड्युटीवरील परिचारिकेने नळी ठेवल्याबरोबर नातेवाइकाला घड्याळ दाखवून सांगायचे की, काटा येथे येईपर्यंत आपण थांबणार आहोत आणि का थांबणार आहोत, असे ठरले. औषधात काही बदल झाला नाही. दारात होणारी भांडणे मात्र कमी झाली, असे तेथील कर्मचारी सांगतात.

त्याच चर्चेतून भगताचा विषय निघाला. साप चावला की पाड्यावर आधी भगताकडे नेतात, हे सर्वांना ठाऊक होते, पण सरकारी सभेत ते बोलायचे नसते असा अलिखित संकेत होता. एका आशा ताईंनी तो मोडला. भगताला शिव्या देऊन पाडा ऐकणार नाही, त्यालाच केंद्रात बोलवा, असे त्या म्हणाल्या. डॉक्टरांना ते पटायला वेळ लागला, कारण शासनाच्या दवाखान्यात मंत्र म्हणणाऱ्याला खुर्ची द्यायची म्हणजे अंधश्रद्धेला मान दिल्यासारखे होईल, ही त्यांची भीती रास्त होती. अखेर काही भगत आले, आणि त्यांच्याशी फक्त एका गोष्टीवर बोलणे झाले: तुमचे जे करायचे ते करा, पण गाडीला फोन त्याआधी जाऊ द्या, दंशाच्या जागी चिरा देऊ नका आणि हातपाय करकचून बांधू नका. सगळ्यांनी ऐकले असे मी म्हणणार नाही. ज्यांनी ऐकले, त्यांच्या पाड्यावरून फोन लवकर येऊ लागले.

येथे आशा ताईंविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. केंद्र आणि वस्ती यांच्यातील दुवा म्हणून त्यांचा गौरव सर्वत्र होतो, परंतु दुवा दोन्हीकडून ताणला जातो हे कोणी लक्षात घेत नाही. त्यांचा बराचसा मोबदला कामावर आधारित असतो आणि त्या कामाच्या नोंदीवर सही केंद्रातूनच होते. मग त्याच केंद्राच्या सभेत, वैद्यकीय अधिकारी आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक समोर असताना, त्या केंद्राविरुद्ध कितीसे बोलणार? वर सांगितलेल्या ताई बोलल्या तो त्यांचा स्वभाव. ती व्यवस्था नव्हे. बायकांचे खरे प्रश्न केंद्राच्या सभागृहात येतच नाहीत, कारण तेथे सरपंच, भाऊसाहेब, दीर-सासरे बसलेले असतात. ते अंगणवाडीत, ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला निघतात. वजनकाटा टांगलेला आहे, पोरे रडताहेत, लसीचा डबा उघडा आहे, अशा गडबडीत एखादी सून सहज सांगून जाते की, प्रसूतीच्या टेबलावर ओरडल्याबद्दल तिला काय ऐकून घ्यावे लागले. वैद्यकीय अधिकाऱ्याने अधूनमधून त्या दिवशी तेथे जाऊन, भाषण न करता, काम संपल्यावर थोडे अधिक बसावे, असे मी सुचवले होते. काही महिने ते झाले, मग लसीकरणाच्या मोहिमा आल्या आणि राहून गेले.

आमच्या शेजारचा नंदुरबार जिल्हा या बाबतीत आमच्या पुढे होता, हे नमूद केले पाहिजे. २००७ साली देशातील ९ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून निवडलेल्या ५ जिल्ह्यांत पुणे, ठाणे, अमरावती आणि उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबार होता, आणि राज्यातील समन्वय पुण्याची ‘साथी’ ही संस्था पाहत होती. गावपातळीवर समितीच्या लोकांनी सेवांची माहिती गोळा करायची, प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा आणि तो तक्ता घेऊन जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बसायचे, अशी ती पद्धत होती. रंगांची युक्ती मला शिक्षक म्हणून विशेष भावली. अक्षरओळख नसलेली आजीही आपल्या उपकेंद्राचा निकाल वाचू शकत होती. जनसुनवाईबद्दल मात्र माझे मन दुभंगलेले आहे. तिच्या धाकाने अडलेल्या गोष्टी हलतात हे खरे, पण वही ठेवणारा आमचा डॉक्टर अशा सुनावणीत पहिल्या दिवशीच लाल रंगाने भाजला असता, तर त्याने दुसरी वही उघडली असती का, याची मला शंका वाटते. वर्षातून एकदा सुनावणी व्हावी आणि मधल्या काळात वही चालावी, असे मला वाटते. नुसत्या वहीला कालांतराने कोणी विचारत नाही.

तसे झालेही. त्या डॉक्टरांची बदली झाली, नव्या अधिकाऱ्यांना ती वही ‘विहित नमुन्यातील नाही’ म्हणून कपाटात ठेवावीशी वाटली, आणि अजेंडा पुन्हा जुन्या क्रमावर आला. त्यात आणखी एक अडचण वाढली. समितीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष त्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य असतात. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, धुळे आणि नंदुरबार यांची त्यानंतर, आणि निवडणुका लांबत गेल्या. सदस्यच नाही तर अध्यक्ष कोण, आणि अध्यक्ष नाही तर सभा कोणी बोलवायची, या प्रश्नावर कित्येक महिने गेले. आमच्या सदस्यांवर लोकांचे रोष होते, पण निदान रस्त्यात अडवून विचारता येईल असा एक माणूस होता. मुदत संपल्यावर कारभार पाहणाऱ्या प्रशासकाला रस्त्यात कोण अडवणार?

यावर आमच्याकडील काही जुन्या सदस्यांनी मिळून ग्रामसभेचा मार्ग धरला आहे. आमच्या वरच्या पाड्यांतील माणसे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला किंवा त्यानंतर परततात. त्यामुळे जानेवारीच्या ग्रामसभेत ज्यांना आरोग्य केंद्राची सर्वाधिक गरज आहे, तेच नसतात. १ मे आणि २ ऑक्टोबर या दोन ग्रामसभा मात्र त्यांच्या परतण्यानंतर आणि पुन्हा जाण्याआधी पडतात. या दोन सभांत वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्यांच्या प्रतिनिधीने मागील तक्रारींची स्थिती वाचून दाखवावी, आणि ऑक्टोबरच्या सभेत तोडीला जाणाऱ्या गरोदर बायका व लहान मुले यांची यादी करून त्यांची लसीकरणाची कार्डे व औषधे निघण्याआधी हातात द्यावीत, असा ठराव दोन ग्रामपंचायतींनी केला आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्याच्या प्रती पोहोच घेऊन दिल्या आहेत. उरलेल्या ग्रामपंचायतींचे ठराव व्हायचे आहेत, आणि कपाटातली ती वही परत मिळावी यासाठी केंद्राला एक स्वतंत्र पत्र दिले आहे.